तीन तासांची कॅसेट संगणकात उतरवताना

घरगुती संकलनासाठी लांब चित्रफिती घेण्याची पद्धत, मर्यादा आणि खबरदारी

मलकापूर, प्रतिनिधी

लग्न, मुंज, बारसे, साठीशांत, वास्तुशांत अशा घरगुती समारंभांच्या चित्रीकरणाची प्रथा महाराष्ट्रातील लहान गावांमध्ये १९९० च्या दशकात रुजली. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर हे तालुक्याचे गावही त्याला अपवाद नाही. त्या काळातील व्हीएचएस कॅसेट, त्यानंतर आलेल्या मिनी डीव्ही फिती, व्हीसीडी आणि डीव्हीडी आज अनेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहेत. ज्या आजी-आजोबांचे बोलणे-चालणे अन्यत्र कोठेही उरलेले नाही, ते बहुधा याच फितींवर आहे.

हा ठेवा संगणकावर घ्यावा, त्यातील नकोसा भाग काढून टाकावा आणि नातेवाईकांना त्याच्या प्रती द्याव्यात, अशी इच्छा अनेकांना होते. मात्र काम सुरू होताच अडचणी उभ्या राहतात. फाइल अर्ध्यावर तुटते, संगणक थिजतो, मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या हालचालींपेक्षा मागे पडतो. दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो आणि काम तेथेच थांबते. प्रत्यक्षात यातील बहुतेक अडचणी ठरावीक आकड्यांशी बांधलेल्या असतात. ते आकडे आधी ठाऊक असतील आणि लांब चित्रफीत योग्य तुकड्यांत घेतली, तर साध्या घरगुती संगणकावरही हे काम नीट पार पडते.

घाई कशासाठी?

चुंबकीय फितीला आयुष्य असते. उष्णता, दमट हवा आणि धूळ हे तिचे शत्रू होत. पश्चिम विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळ्याची ओल येते. पत्र्याच्या छपराखाली किंवा माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते, फीत चिकटते आणि तिच्यावरील चुंबकीय थर झडू लागतो.

फितीपेक्षाही मोठा प्रश्न ती वाजवणाऱ्या यंत्रांचा आहे. व्हीएचएस प्रकारचा व्हीसीआर तयार करणारी शेवटची ज्ञात कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन बंद केले. मिनी डीव्ही कॅमेरा संगणकाला जोडण्यासाठी लागणारी फायरवायर ही जोडणी नव्या लॅपटॉपवर मिळत नाही. ॲपल कंपनीने २०२५ च्या मॅकओएस आवृत्तीत तिचा आधार काढून टाकला. युनेस्कोचा माहितीविषयक कार्यक्रम आणि ध्वनी व दृकश्राव्य संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगभरातील संस्थांना इशारा दिला होता. चुंबकीय फितींवरील मजकूर साधारणपणे २०२५ पर्यंत अन्यत्र उतरवून घेतला नाही, तर यंत्रांअभावी तो कायमचा हातचा जाण्याची शक्यता आहे, असे त्याचे सार होते. ती मुदत उलटून गेली आहे. जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आणि सुटे भाग अद्याप काही ठिकाणी मिळतात, तोवर हे काम उरकणे शहाणपणाचे ठरेल.

दोन व्हीसीआरपासून संगणकापर्यंत

संगणक येण्यापूर्वी संकलन फितीवरून फितीवर होत असे. एका व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यात कोरी. हवा तो भाग आला की दुसऱ्या यंत्राचे मुद्रणाचे बटण दाबायचे आणि नको तेथे थांबवायचे. महाराष्ट्रातील या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे आहे. तेथील नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि व्हीसीआर जोडून त्याचे संकलन केले. मालेगावच्या या हौशी चित्रपटसृष्टीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला.

फितीवरून फीत करताना प्रत्येक प्रतीत चित्र थोडे पुसट होत जाते. आज घरात असलेली लग्नाची कॅसेट ही बहुधा अशीच दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रत असते. मूळ फीत छायाचित्रकाराने पुढच्या समारंभासाठी पुन्हा वापरलेली असते. त्यामुळे घरातील प्रत हीच एकमेव मूळ प्रत समजून तिची काळजी घ्यावी.

१९९५ मध्ये आलेल्या डीव्ही या अंकीय प्रकाराने हे चित्र पालटले. फितीवरील मजकूर आकड्यांच्या स्वरूपात असल्याने तो संगणकावर जसाच्या तसा, कोणतीही घट न होता घेता येऊ लागला. ॲपलने ऑक्टोबर १९९९ मध्ये आयमूव्ही आणि मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये विंडोज एमईसोबत मूव्ही मेकर ही घरगुती संकलनाची सॉफ्टवेअर दिली. ज्या कामासाठी पूर्वी मिक्सिंग लॅब गाठावी लागे, ते घरच्या टेबलावर आले. त्याबरोबरच लांब फायलींची डोकेदुखीही घरात आली.

आकाराचे गणित

काम सुरू करण्यापूर्वी हार्ड डिस्कवर किती जागा लागेल, याचा हिशेब मांडावा.

मिनी डीव्ही : भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम १ लाख ४४ हजार बाइटची असते. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट आणि तासाला सुमारे १३ जीबी. साठ मिनिटांची एक फीत घेण्यास तेवढी जागा आणि पूर्ण साठ मिनिटांचा वेळ लागतो.

व्हीएचएस : ई-१८० ही कॅसेट तीन तासांची असते. ती डीव्ही प्रकारात घेतल्यास सुमारे ३९ जीबी लागतात. सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने एमपीईजी-२ प्रकारात घेतल्यास तासाला ३.६ जीबी, म्हणजे तीन तासांना ११ जीबीच्या आत काम भागते. व्हीएचएसच्या मूळ दर्जासाठी हा वेग पुरेसा आहे.

व्हीसीडी आणि डीव्हीडी : व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटे मावतात आणि चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असून तिच्यात चांगल्या दर्जाचे एक ते दोन तास बसतात.

मोबाइल : आयफोनवर पूर्ण एचडी दर्जाचे चित्रण नव्या एचईव्हीसी प्रकारात मिनिटाला सुमारे ६० एमबी, तर जुन्या एच २६४ प्रकारात सुमारे १३० एमबी जागा घेते. ४के दर्जात, सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने, हेच आकडे अनुक्रमे १७० आणि ३५० एमबीच्या आसपास जातात. अन्य फोनचे आकडे थोडे वेगळे असले तरी प्रमाण साधारण असेच राहते. दीड तासाचे कीर्तन ४के दर्जात चित्रित केले, तर फाइल १५ ते ३२ जीबीची होईल.

संकलन करताना मूळ फाइल, कामासाठीची हलकी प्रत आणि तयार झालेली चित्रफीत अशा तिन्हींना जागा लागते. म्हणून मूळ फाइलच्या किमान तिप्पट जागा मोकळी असल्याखेरीज कामास हात घालू नये.

चार जीबीची भिंत

लांब चित्रफीत अर्ध्यावर तुटण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे डिस्कची मांडणी. १९९६ पासून वापरात असलेल्या एफएटी३२ या मांडणीत एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. डिस्कवर शंभर जीबी मोकळे असले तरीही हा नियम लागू राहतो. डीव्हीच्या हिशेबाने ४ जीबी म्हणजे १९ ते २० मिनिटे. बरोबर विसाव्या मिनिटाच्या सुमारास मुद्रण थांबत असेल, तर कॅमेरा, वायर किंवा सॉफ्टवेअर बदलत बसू नये; डिस्कची मांडणी तपासावी. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो, त्याचेही कारण हेच.

उपाय सोपा आहे. विंडोज संगणकावर एनटीएफएस आणि बाहेरच्या ड्राइव्हवर एनटीएफएस किंवा २००६ मध्ये आलेली एक्सफॅट ही मांडणी वापरावी. मांडणी बदलताना ड्राइव्हवरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून तो आधी अन्यत्र हलवावा.

दुसरी मर्यादा एव्हीआय या फाइल-प्रकाराची आहे. १९९२ मध्ये आलेल्या मूळ एव्हीआय रचनेत २ जीबीनंतर अडचण येत असे. १९९६ च्या सुधारित रचनेने ती दूर केली. परंतु जुनी सॉफ्टवेअर आणि स्वस्त कॅप्चर उपकरणांसोबत येणारे कार्यक्रम आजही जुन्या रचनेत फायली लिहितात. डीव्ही चित्रण साधारण साडेनऊ मिनिटांनी तुटत असेल, तर संशय येथे घ्यावा.

तिसरी मर्यादा कॅमेऱ्यांची. ३२ जीबीपर्यंतच्या मेमरी कार्डांवर एफएटी३२ मांडणी असल्याने कॅमेरे लांब चित्रणाचे आपोआप २ किंवा ४ जीबीचे तुकडे पाडतात. लग्नाच्या चित्रीकरणात डीएसएलआर कॅमेऱ्यांचा वापर वाढवणाऱ्या कॅनन ५डी मार्क २ मध्ये, २००८ साली, एचडी चित्रण सुमारे १२ मिनिटांनी याच कारणाने थांबत असे. अनेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत, त्याचे कारण मात्र वेगळे होते. अर्धा तास किंवा त्याहून अधिक सलग चित्रण करणाऱ्या उपकरणावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचा जकात दर लागत असे, आणि तो टाळण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती.

साधनानुसार घेण्याची पद्धत

व्हीएचएस कॅसेट : प्रथम खिडकीतून फीत पाहावी. पांढरे किंवा करडे डाग दिसल्यास ती व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटही खराब होतात. अशी फीत जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. निर्दोष कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. त्यानंतर यूएसबी कॅप्चर उपकरणाने व्हीसीआर संगणकाला जोडावा. उपकरणासोबतचा कार्यक्रम समाधानकारक नसेल, तर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. तीन तास सलग घेण्यापेक्षा समारंभातील नैसर्गिक विराम पाहून तुकडे करावेत : सीमांतपूजन, मंगलाष्टके, सप्तपदी, पंगत, पाठवणी. पुढचा तुकडा सुरू करताना फीत थोडी मागे घ्यावी, म्हणजे दोन तुकड्यांत काही सेकंद सामाईक राहतात आणि काही निसटत नाही.

मिनी डीव्ही : कॅमेऱ्याला यूएसबी जोडणी दिसली तरी तिच्यावर विसंबू नये. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत ती केवळ छायाचित्रांसाठी किंवा निकृष्ट दर्जाच्या चित्रासाठी असते. मूळ मजकूर जसाच्या तसा हवा असेल, तर फायरवायर जोडणीच लागते. जुना डेस्कटॉप संगणक आणि त्यातील फायरवायर कार्ड यासाठी उपयोगी पडते. विनडीव्हीसारखा छोटा कार्यक्रम फितीवरील तारीख-वेळेच्या नोंदीवरून प्रत्येक चित्रणाची वेगळी फाइल करू शकतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

व्हीसीडी : तबकडीवरील एमपीईजीएव्ही या फोल्डरमधील डॅट फाइल संगणकावर उतरवून घ्यावी. तिच्या नावाचे शेपूट बदलून एमपीजी केल्यास अनेक सॉफ्टवेअर ती स्वीकारतात. चरे पडलेली तबकडी वाचताना संगणक अडत असल्यास ती मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये.

डीव्हीडी : व्हिडिओ टीएस फोल्डरमध्ये लग्न एक-एक जीबीच्या व्हीओबी फायलींत तुटलेले असते. या फायली एकेक करून संकलनात ओढल्यास सांध्यावर आवाज अडखळतो. मेकएमकेव्ही या कार्यक्रमाने संपूर्ण चित्रण दर्जा न घटवता एकाच फाइलमध्ये घेता येते.

मेमरी कार्डाचे कॅमेरे : २००६ नंतरच्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या कार्डावरून केवळ एमटीएस फायली उचलू नयेत, संपूर्ण फोल्डर मूळ रचनेसह उतरवावे. तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे, याची नोंद त्या रचनेत असते. ती हरवल्यास दोन तुकड्यांच्या सांध्यावर चित्र-आवाजाची लहानशी फट राहते.

मोबाइल : व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली चित्रफीत आकुंचित होऊन येते आणि संकलनास निरुपयोगी ठरते. २०२२ पासून या सेवेत २ जीबीपर्यंतची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवता येते व तिचा दर्जा टिकतो. त्याहून मोठी फाइल केबलने थेट उतरवावी. आयफोनवर २०१७ पासून एचईव्हीसी हा प्रकार प्रचलित आहे. विंडोज संगणकावर तो दिसत नसेल, तर स्वतंत्र विस्तार बसवावा लागतो.

आवाज मागे का पडतो?

तीन मिनिटांच्या तुकड्यात आवाज आणि ओठ तंतोतंत जुळतात. तीच चित्रफीत तीन तासांची असली, की शेवटाकडे आवाज भरकटतो. याचे कारण असे, की स्वस्त कॅप्चर उपकरणांत चित्र आणि ध्वनी यांचे कालमापन वेगवेगळ्या घड्याळांवर चालते. त्या दोन घड्याळांत दहा हजारांत एक इतका सूक्ष्म फरक असला, तरी तीन तासांत तो एक सेकंदाहून अधिक होतो. पंधरा मिनिटांत मात्र तो ०.०९ सेकंद एवढाच राहतो आणि सहसा लक्षातही येत नाही. लांब चित्रफीत तुकड्यांत घेण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. सलग फाइल आधीच घेतलेली असेल, तर संकलनात तिचे पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग करून प्रत्येक भागाचा आवाज पुन्हा जुळवावा.

मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत आणखी एक खाचखळगा आहे. अनेक कॅमेऱ्यांत आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ या पद्धतीने मुद्रित होत असे, तर काहींत १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एकाच फितीवर दोन्ही पद्धती असल्यास सलग घेतलेल्या फाइलचा उत्तरार्ध बिघडतो. पद्धत जेथे बदलते तेथे फाइल तोडणे, हाच त्यावर इलाज.

मोबाइलचा प्रश्न निराळा आहे. प्रकाश कमी-जास्त होताच किंवा फोन तापताच तो सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या फ्रेमची संख्या बदलतो. संकलन सॉफ्टवेअर मात्र ती स्थिर आहे असे गृहीत धरते. हँडब्रेक या मोफत कार्यक्रमात फ्रेमसंख्या स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडून चित्रफितीची नवी प्रत करावी आणि तीच संकलनासाठी वापरावी. मूळ फाइल पुसू नये.

संगणक थिजतो तेव्हा

मोबाइल आणि नव्या कॅमेऱ्यांच्या फायली फार दाबून बसवलेल्या असतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, एवढेच नोंदवलेले असते. मधली एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला मागच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. दोन तासांच्या फाइलमध्ये पुढे-मागे जाताना संगणक धापा टाकतो तो यामुळे.

यावर प्रॉक्सी हा व्यावसायिक संकलकांचा उपाय आता मोफत सॉफ्टवेअरमध्येही मिळतो. सॉफ्टवेअर मूळ फाइलची कमी दर्जाची हलकी प्रत तयार करते, कापाकापी त्या प्रतीवर होते आणि अखेरची चित्रफीत मात्र मूळ फाइलवरून बनते. डाविंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह आणि शॉटकट या तिन्हींत ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी तयार करण्यास लावून सकाळी काम सुरू केल्यास जुन्या संगणकावरही अडथळा येत नाही.

केवळ नकोसा भाग कापायचा असेल, तर पूर्ण संकलन सॉफ्टवेअरची गरजही पडत नाही. लॉसलेसकट हा मोफत कार्यक्रम चित्रफीत पुन्हा न दाबता काही मिनिटांत तिचे तुकडे करून देतो. कापण्याची जागा एखाद-दुसऱ्या सेकंदाने मागे-पुढे होते, एवढे लक्षात ठेवावे.

वीज गेली तर

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने तासन्‌तासांचे भारनियमन अनुभवले. त्या दिवसांत कॅसेट संगणकावर घेणाऱ्यांना तास-दीड तासाचे मुद्रण वाया जाण्याचा प्रसंग नवा नव्हता. आज परिस्थिती सुधारली असली, तरी वादळी पावसात वीज जातेच. एव्हीआय आणि एमपी४ प्रकारच्या फायलींची अनुक्रमणिका सर्वसाधारणपणे मुद्रण संपताना, फाइलच्या शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेल्यास सगळे चित्र डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही प्रकारात असे होत नाही. वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. ओबीएसमध्ये मुद्रण एमकेव्हीत करून नंतर त्याच कार्यक्रमातून दर्जा न घटवता एमपी४ मध्ये बदलता येते. डेस्कटॉप संगणक असल्यास यूपीएस वापरावा. लॅपटॉप असल्यास बॅटरी ठीक आहे, याची खात्री करावी.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

एका पिढीला संकलन शिकवणाऱ्या विंडोज मूव्ही मेकरचा आधार मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी बंद केला. कंपनीने तो मिळण्याची अधिकृत सोयही काढून घेतली. त्या नावाने अन्यत्र दिसणारे कार्यक्रम उतरवून घेऊ नयेत. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतलेले क्लिपचॅम्प विंडोज ११ सोबत मिळते. लहान तुकड्यांसाठी ते सोयीचे आहे. लांब चित्रफितींसाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर अधिक उपयुक्त ठरतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अधिक समर्थ असली, तरी तिला चांगले ग्राफिक कार्ड आणि भरपूर मेमरी लागते. मॅक संगणकावर आयमूव्ही पुरेसे आहे.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, एक बाब पक्की ध्यानात ठेवावी. यांपैकी बहुतेक सॉफ्टवेअर आयात करताना चित्रफीत स्वतःत साठवत नाहीत. ती डिस्कवर कोठे आहे, एवढाच पत्ता टिपून ठेवतात. पेन ड्राइव्हवरून चित्रफीत आयात करून पेन ड्राइव्ह काढून घेतला, फोल्डरचे नाव बदलले किंवा फाइल हलवली, की दुसऱ्या दिवशी संकलनाच्या पट्टीवर काळे चौकोन दिसतात. आयमूव्ही फाइलची प्रत आपल्या संग्रहात घेते, पण मग डिस्क लवकर भरते. म्हणून आयात करण्याआधीच प्रत्येक समारंभासाठी एक फोल्डर करावे, सर्व फायली त्यात ठेवाव्यात आणि काम संपेपर्यंत ते हलवू नये. फाइलच्या नावात साल, समारंभ आणि भाग यांचा क्रम ठेवल्यास वीस तुकडेही गोंधळ करत नाहीत.

परगावच्या नातेवाइकांसाठी

तयार चित्रफीत पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील नातेवाइकांना दाखवण्यासाठी यूट्यूबचा पर्याय आहे. तेथे दूरध्वनी क्रमांकाची पडताळणी न केलेल्या खात्यावरून १५ मिनिटांपेक्षा लांब चित्रफीत चढवता येत नाही. पडताळणीनंतर ही मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यांपैकी जे कमी असेल तेवढी होते. चित्रफीत खासगी किंवा केवळ दुवा असलेल्यांनाच दिसेल अशी ठेवावी. जुन्या कॅसेटमध्ये पार्श्वभूमीला चित्रपटगीते टाकण्याची पद्धत होती. त्यामुळे हक्कधारकांचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो. एकमेव प्रत म्हणून अशा सेवांवर कधीही विसंबू नये, कारण तेथे चढवलेली चित्रफीत आकुंचित होते.

थोडक्यात क्रम

१. फितीची तपासणी करावी. बुरशी असल्यास यंत्रात घालू नये.

२. डिस्कची मांडणी एनटीएफएस किंवा एक्सफॅट आहे आणि तिप्पट जागा मोकळी आहे, हे पाहावे.

३. प्रथम दोन मिनिटांचा नमुना घेऊन चित्र, रंग आणि आवाज तपासावा.

४. साधारण पंधरा मिनिटांचे, समारंभाच्या टप्प्यांनुसार तुकडे घ्यावेत. सांध्यावर काही सेकंद सामाईक ठेवावेत.

५. प्रत्येक तुकडा सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून पाहावा. तो नीट असेल तरच फीत पुढे न्यावी.

६. संकलनास बसण्यापूर्वी मूळ तुकड्यांची दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत करावी.

७. प्रॉक्सी तयार करून संकलन करावे.

८. तयार चित्रफितीसोबत मूळ तुकडेही जपावेत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा जगभरातील संग्रहपालांचा नियम घरालाही लागू पडतो. मलकापूरच्या घरातील एक प्रत नागपूर किंवा पुण्यातील नातेवाइकाकडे ठेवणे कठीण नाही.

संकलनाच्या उत्साहात ‘नकोसा’ म्हणून कापला जाणारा भागही टाकून देऊ नये. पंगतीत वाढणारे हात, मांडवाच्या कोपऱ्यात बसलेले वृद्ध, ओसरीवर खेळणारी मुले हे भाग त्या वेळी कंटाळवाणे वाटले, तरी वीस वर्षांनी घरचे लोक तेच पुन्हा पुन्हा पाहतात. तयार चित्रफीत वीस मिनिटांची असावी. मूळ तीन तास मात्र जसेच्या तसे राहावेत. आणि संगणकावर सर्व काही उतरले, तपासले, प्रती झाल्या, तरी मूळ कॅसेट रद्दीत देऊ नये. ती उभी ठेवून, कोरड्या डब्यात, घरातील सर्वांत थंड खोलीत जपावी. घेतलेल्या फाइलमधील दोष पुढे केव्हा तरी लक्षात आला, तर पुन्हा वळण्यासाठी तेवढेच एक ठिकाण उरलेले असते.